सापाच्या भीतीवर घरात कोणतं औषध ठेवू?

*डॉक्टरताई, नमस्कार. आम्ही वाळवा तालुक्यात नदीकाठाला वस्तीवर राहतो. तीन एकर ऊस आहे. शेतीची लाइट पाळीनं रात्रीची असते, तेव्हा हे बारा-एकला उठून उसाला पाण्याची दारं धरायला जातात. पायात काही नसतं, हातात मोबाइलचा उजेड. गेल्या पावसाळ्यात शेजारच्या वस्तीवरचा तरणाताठा मुलगा पान लागून (साप चावून) गेला. त्याला आधी देवळात नेलं, मग एका जाणत्याकडे. दवाखान्यात पोचेपर्यंत उजाडलं होतं. त्याची बायको माझ्याच वयाची आहे. तेव्हापासून हे परत येईपर्यंत माझा डोळा लागत नाही. सासूबाईंकडे विष ओढून घेणारा खडा आहे, त्या म्हणतात काळजी करू नको. घरात एखादी गोळी किंवा इंजेक्शन ठेवता येईल का? दोरी कशी आणि कुठं बांधायची तेही सांगा. आम्ही सगळे खाली अंथरूण टाकून झोपतो, मुलं सात आणि चार वर्षांची आहेत. यांना बूट घाला म्हटलं तर चिखलात रुततात म्हणतात. कसं समजावू?*

*– एक भगिनी, वाळवा तालुका*

ताई,

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. सापाच्या विषावर घरात ठेवता येईल असं कोणतंही औषध नाही. गोळी नाही, मुळी नाही, पाला नाही. इंजेक्शन आहे आणि ते खात्रीचं आहे, पण ते शिरेतून द्यावं लागतं. काही जणांना त्याची जोराची रिॲक्शन येते, रक्तदाब एकदम उतरतो, श्वास अडकतो. ते सावरायला दुसरं औषध आणि जाणकार माणूस जागेवर लागतो. म्हणून ते दवाखान्यातच घ्यायचं.

घरात ठेवायच्या गोष्टी वेगळ्या आहेत. गुडघ्यापर्यंतचे गमबूट, डोक्याला बांधायची बॅटरी, काठी, मच्छरदाण्या आणि रात्री-अपरात्री उठून येईल अशा गाडीवाल्याचा नंबर. यातलं एकही मेडिकलच्या दुकानात मिळत नाही, पण जीव वाचवणारं सामान हेच आहे.

आता सासूबाईंचा खडा. तो लावून माणसं बरी झालेली त्यांनी डोळ्यांनी पाहिली असणार, त्या काही खोटं बोलत नाहीत. आपल्या शिवारात धामण, दिवड, कवड्या असे बिनविषारी सापच जास्त. विषारी साप चावला तरी दर वेळी विष सोडतोच असं नाही. अशा माणसाला खडा लावा, मिरची चारून तिखट लागतंय का बघा, नाहीतर नुसतं बसवून ठेवा, तो बराच होणार. नाव मात्र खड्याचं होतं. मग एक दिवस खरोखर विष भिनतं, तेव्हाही घरातले त्याच भरवशावर बसून राहतात आणि हातातला वेळ जातो. तुमच्या शेजारच्या मुलाचं नेमकं काय झालं ते मला इथून सांगता येणार नाही, पण देऊळ आणि जाणता यांत गेलेले तास त्याला महागात पडले असणार. सासूबाईंना दुखवू नका. त्यांना म्हणा, अंगारा लावायचा तर गाडीत बसल्यावर लावा, देवाचं नाव वाटेत घ्या, गाडी मात्र थांबणार नाही. शिराळ्याची नागपंचमी ज्या मुलखात होते तिथल्या बाईची श्रद्धा आहे ती, सहज सुटायची नाही. सुटायची गरजही नाही.

तुमचं सगळं लक्ष यांच्या रानातल्या फेऱ्यांकडे आहे. मला मात्र तुमच्या पत्रातलं दुसरंच वाक्य जास्त टोचलं. "आम्ही सगळे खाली अंथरूण टाकून झोपतो."

आपल्याकडे माणूस मारणारे मुख्य साप चार. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. यातली मण्यार रात्रीची फिरते. काळी, निळसर चकाकणारी, अंगावर पांढरे बारीक आडवे पट्टे. उंदीर, पाल, दुसरे लहान साप शोधत ती घरात शिरते आणि अंथरुणात येते. झोपेत माणसाचा हात पडला, कूस बदलली की चावते. तिचे दात इतके बारीक की पुष्कळदा जागही येत नाही. सूज नाही, रक्त नाही, खूण शोधूनही सापडत नाही. पहाटे पोरगं उठतं आणि म्हणतं, आई, पोटात दुखतंय. आई बेंबीला हिंग लावते. मग एखादी उलटी होते, घसा दुखतो म्हणतं, थुंकी गिळता येत नाही, बोलणं जड होतं. पापण्या मिटायला लागतात आणि घरातले म्हणतात, झोप झाली नाही, झोपू दे. हे झोपेचं लक्षण नव्हे. विष नसांवर चढत असतं आणि पुढची पाळी श्वासाची असते.

पावसाळ्यात जमिनीवर झोपलेलं कुणीही, लहान असो की मोठं, पहाटे पोटदुखी, उलटी आणि जड पापण्या घेऊन उठलं, तर साप कुणी पाहिलेला नसला तरी मण्यार चावली असं धरून दवाखाना गाठा. डॉक्टरांना "आम्ही खाली झोपतो" हे आपणहून सांगा. त्या एका वाक्यानं त्यांचा विचार योग्य दिशेला वळतो.

आणखी एक गोष्ट, ही सगळ्या वस्तीला सांगा. मण्यारीच्या विषानं माणूस इतका लुळा पडतो की डोळे उघडत नाही, ओ देत नाही, बोट हलवत नाही. बघणाऱ्याला वाटतं, संपलं. पण तो आतून शुद्धीवर असू शकतो, आपण बोलतो ते ऐकत असू शकतो. व्हेंटिलेटरवर ठेवून, औषध देऊन अशी माणसं उठून घरी गेलेली आहेत. त्यामुळे घरात कुणी "गेला" असं ठरवायचं नाही. श्वास थांबला तर तोंडानं श्वास देत राहायचं आणि गाडी पळवायची. ते ठरवणं डॉक्टरांचं काम आहे.

त्यामुळे ताई, बुटांच्या आधी पलंगाचं बघा. सगळ्यांसाठी जमत नसेल तर आधी मुलांसाठी. लोखंडी कॉट, जुनी बाज, काहीही चालेल, भिंतीपासून थोडी लांब. चादर खाली लोंबू द्यायची नाही. वरून मच्छरदाणी, आणि तिच्या कडा गादीखाली चहूबाजूंनी खोचलेल्या. नुसती वरून सोडलेली मच्छरदाणी डासांनाही अडवत नाही. पलंग नाहीच झाला तर खाली झोपतानासुद्धा मच्छरदाणी खोचून घ्या, तिचा आडोसा साध्या अंथरुणापेक्षा कितीतरी बरा. डेंग्यूचे डास दिवसा चावतात, तेव्हा दुपारी मुलं झोपली तरी ती सोडा.

मग घराभोवती एक चक्कर मारा, दिवसाउजेडी. साप तुमच्यासाठी येत नाही, उंदरासाठी आणि बेडकासाठी येतो. धान्याची पोती भिंतीला टेकून असतील तर फळीवर घ्या. मोरीच्या भोकाला जाळी बसवा. दाराखाली फट असेल तर पट्टी मारा. जळण, शेणी आणि कडब्याची गंज घराला चिकटून नको. आमच्याकडे येणाऱ्या बायकांना हातावर चावलेलं असतं ते बहुधा इथंच. संध्याकाळी चूल पेटवायची घाई, अंधारात शेणीच्या ढिगात हात घातला आणि चावा बसला. रात्रीचं जळण उजेड असतानाच घरात आणून ठेवा. वैरण कापताना आधी काठीनं झोडपून मग विळा घाला.

साप येऊ नये म्हणून लसूण, रॉकेल, डांबरगोळ्या, दाराशी सर्पगंधा, यांतल्या कशाचाही भरवसा धरू नका. कार्बोलिक ॲसिड शिंपडतात, त्यानं साप जाईल की नाही ठाऊक नाही, पण खेळणाऱ्या मुलाचे पाय नक्की भाजतील.

आता रान. तुमच्या मालकांचं म्हणणं खोटं नाही. भरल्या सरीत गमबूट रुततो, आत पाणी शिरलं तर पाय उचलत नाही. पण रात्रभरातलं त्यांचं चालणं मोजा. घर ते मोटर, मोटर ते बांध, बांधावरून पुढचं दार. यातलं बरंच चालणं कोरड्या वाटेवरचं आणि बांधावरच्या गवतातलं असतं, आणि घोणस नेमकी तिथं वेटोळं करून पडलेली असते. पाचटाच्या रंगात ती दिसतसुद्धा नाही. तेवढ्या वाटेला तरी बूट घालू द्या. बूट घेताना मोजे घालून मापाचे घ्या, ढगळ घेतले की जास्त रुततात. घालण्याआधी उलटे करून आपटायचे, रोज. खोलीच्या कोपऱ्यात पडलेला बूट विंचवाला फार आवडतो.

मोबाइलचा उजेड कामाचा नाही. एका हातात मोबाइल, दुसऱ्या हातात खोरं, म्हणजे दार मोडताना उजेड भलतीकडे. डोक्याला बांधायची बॅटरी घेतली की दोन्ही हात मोकळे राहतात आणि उजेड पावलापुढे पडतो. सरीत पाय टाकायच्या आधी खोरं टेकवायचं. मोटरीची पेटी उघडताना आधी काठीनं ठोकायची, आत उंदीर-बेडकांच्या मागं साप शिरलेला असतो. आणि तिथं ओल्या हातापायांनी विजेचा धोका आहेच, रबरी बुटांचा तिथंही उपयोग आहे. ठिबक बसवता आलं किंवा सौर पंपाच्या योजनेत नंबर लागला तर रात्रीचं जाणंच वाचेल. खर्चाचा विचार करताना हाही हिशेब धरा.

आता समजा, चावलाच.

दोरी बांधायची नाही. हे तुमच्या मनाला पटायला जड जाईल, कारण लहानपणापासून आपण तेच ऐकलं आहे. घट्ट बांधलं की खालचं रक्त अडतं. घोणशीचं विष आधीच मांस नासवतं, ते तिथंच कोंडून राहिलं की पाय काढायची वेळ येते. आणि दवाखान्यात दोरी एकदम सोडली की साठलेलं विष झपाट्यानं अंगात जातं. कुणी आधीच बांधून ठेवली असेल तर वाटेत सोडू नका, डॉक्टरांसमोर सोडू द्या. ब्लेडनं चिरायचं नाही, तोंडानं ओढायचं नाही, बर्फ नाही, दारू नाही, तूप नाही.

करायचं ते थोडंच आहे. त्याला आहे तिथं बसवा किंवा आडवं करा, पळू देऊ नका. पायातले पैंजण-जोडवी, हातातली अंगठी, बांगड्या, बांधलेला काळा दोरा लगेच काढा, सूज चढली की ते मांसात रुततात. चावलेला हात किंवा पाय लाकडाच्या पट्टीला धरून फडक्यानं सैलसर बांधा, मोडलेलं हाड बांधतात तसा, हलू नये एवढंच. उलटी येत असेल तर डाव्या कुशीवर ठेवा. किती वाजता चावला ते लक्षात ठेवा. १०८ ला फोन करा, पण वस्तीवर गाडी यायला वेळ लागेल असं दिसलं तर थांबू नका. जीप नसेल तर मोटारसायकल चालेल. पुढं चालवणारा, मध्ये पेशंट, मागं त्याला घट्ट धरून बसणारा तिसरा. त्याला चालवत नेऊ नका.

सापाच्या मागं काठी घेऊन धावू नका. त्या नादात दुसऱ्यालाही चावतो. साप पकडून आणायचीही गरज नाही, कारण आपल्याकडचं इंजेक्शन या चारही सापांच्या विषावर एकच आहे. मुंबईच्या हाफकिनमध्ये ते कित्येक वर्षं बनतं. कुणाच्या मोबाइलमध्ये लांबून फोटो आला तर दाखवा, एवढंच.

दवाखान्यात गेल्यावर एक गोष्ट नातेवाइकांना समजत नाही आणि तिथं भांडणं होतात. डॉक्टर लगेच इंजेक्शन देत नाहीत. ते एका कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत थोडं रक्त घेतात, टेबलावर सरळ उभी करून ठेवतात आणि घड्याळ बघतात. २० मिनिटं तिला कुणी हात लावायचा नसतो. मग नळी हळूच तिरकी करतात. रक्त गोठून बसलं असेल तर ठीक. पाण्यासारखं वाहिलं तर घोणस किंवा फुरशाचं विष रक्तात उतरलं आहे. बाहेर बसलेल्यांना वाटतं, डॉक्टर नुसते बसलेत. ते तपासत असतात, ताई. त्या वेळात पापण्या उघडतात का, लघवी लाल होते का, सूज वर सरकते का, हेही बघायचं असतं. विषाची खूण दिसली की इंजेक्शन सुरू होतं, पहिल्या झटक्यातच ८ ते १० बाटल्या जातात, आणि लहान मुलालाही डोस मोठ्याइतकाच लागतो, कारण साप मूल बघून विष कमी सोडत नाही. काहीच लक्षण दिसलं नाही तरी निदान २४ तास ठेवून घेतात. "बरा दिसतोय" म्हणून सही करून घरी नेऊ नका.

हे सगळं त्या रात्री सुचत नाही. म्हणून याच आठवड्यात तुमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जा आणि विचारा, सर्पदंशाचं इंजेक्शन तुमच्याकडे आता शिल्लक आहे का, रात्री डॉक्टर असतात का, नसतील तर रात्री आम्ही थेट कुठं जायचं? आशाताईंना सोबत घ्या. श्वासाची मशीन किंवा डायलिसिस लागलं तर पुढं मिरज-सांगलीचं सरकारी रुग्णालय आहे. पण वाट लांबची असेल तर पहिलं इंजेक्शन जवळच्या ठिकाणी घेऊन मगच पुढं न्यायचं. मिळालेली माहिती मोठ्या अक्षरात लिहून दाराच्या आत चिकटवा, सात वर्षांच्या मुलालाही वाचता यावी अशी.

तुम्ही नदीकाठच्या, म्हणून पुराचंही सांगते. २००५, २०१९, २०२१, तिन्ही वेळा कृष्णेचं पाणी ओसरल्यावर लोक घरं धुवायला गेले तेव्हा कपाटात, ओल्या गोधड्यांत, माळ्यावर साप होते. पुरानंतर घरात शिरताना आधी दारं-खिडक्या उघडून काठीनं सामान हलवा, बूट घालूनच चिखल काढा. त्या चिखलातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हा तापाचा आजारही होतो. ताप, पोटऱ्या दुखणं आणि डोळे लाल झाले तर अंगावर काढू नका.

आणि तुमच्या उसाला तोड आली की ऊसतोड टोळीच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, बांधाला पडतील. त्यांची मुलं पाचटावर, जमिनीवर झोपतात, आणि ती आपल्यामुळे तिथं झोपतात. जमलं तर दोन मच्छरदाण्या त्यांना द्या आणि पोटदुखीचं, जड पापण्यांचं त्या बायकांनाही सांगा. परक्या गावात त्यांना दवाखान्याची वाट माहीत नसते. गाडीवाल्याचा तो नंबर त्यांच्याकडेही असू द्या.

मालकांना कसं समजवायचं हे विचारलंत. भीती घालून उपयोग नाही, भीती त्यांनाही आहे, ते बोलत नाहीत. देशात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशानं वर्षाला सरासरी ५८ हजार माणसं गेली असा अंदाज अभ्यासकांनी मांडला आहे, त्यातली निम्मी जून ते सप्टेंबरात, आणि बहुतेक खेड्यापाड्यांत, घरीच. ते लढाईवर गेलेले नव्हते, आपल्यासारखेच पाणी पाजायला गेलेले, अंथरुणात पडलेले. हे आकडे सांगून ते ऐकतील असं मला वाटत नाही. बूट आणि बॅटरी आणून दाराशी ठेवा, सात वर्षांच्या मुलाला रोज संध्याकाळी बूट उलटे करून आपटायचं काम द्या. पोरानं झटकून ठेवलेले बूट बाप ओलांडून जाणार नाही.

राहिलं शेजारचं घर. शेतकऱ्याचा किंवा त्याच्या घरातल्या माणसाचा सर्पदंशानं मृत्यू झाला तर राज्य सरकारच्या गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून २ लाख रुपये मिळतात. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे असतो, सातबारा आणि मृत्यूचे कागद लागतात. त्यांनी अर्ज केला होता का, विचारा. केला नसेल तर मुदतीचं काय करता येईल ते तिथंच विचारून घ्या, आणि त्या मुलाच्या बायकोला कचेरीत एकटीला पाठवू नका, तुम्ही सोबत जा.